कलाशिक्षकाचे उन्हाळी प्रशिक्षण : कुणाची कला, कुणाचे शिक्षण?

सौंदर्याच्या प्रस्थापित कल्पनेला दलित समीक्षेने गेल्या पन्नास-साठ वर्षांत अनेक अंगांनी प्रश्न विचारले आहेत. शरद पाटील यांचे 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९८८ साली आले, शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ साली. या दोन टोकांच्या आधी, मध्ये आणि नंतर नियतकालिकांच्या पानांवर जे वाद झाले ते वाचकांना ठाऊक आहेतच. पण हा सगळा व्यूह कविता, कथा, आत्मकथन यांच्याभोवती रचला गेला. मुलाला सौंदर्याचा पहिला धडा मिळतो तो मात्र कवितेतून मिळत नाही. तो मिळतो चित्रकलेच्या तासाला. सुंदर घर कसे असते, सुंदर गाव कसे असते, सुंदर माणसाच्या कातडीचा रंग कोणता असतो, हे सगळे तेथे ठरते. आणि ते न बोलता ठरत असल्यामुळे त्याला नकार देण्याचीही सोय उरत नाही. हा धडा देणारा चित्रकलेचा मास्तर आपल्या समीक्षेच्या नजरेतून पार निसटला आहे. त्या मास्तराला कोण शिकवतो, उन्हाळ्यात त्याच्यापुढे काय वाढून ठेवले जाते, हा प्रश्न तर आपण विचारलेलाच नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. महाराष्ट्रात शिक्षकाला सेवेची बारा वर्षे झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षे झाली की निवडश्रेणी मिळते. त्यासाठी सेवांतर्गत प्रशिक्षण पुरे केल्याचे प्रमाणपत्र लागते. २०२२ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने हे प्रशिक्षण ऑनलाइन घेतले. त्याला माणशी दोन हजार रुपये शुल्क होते. २०२५ च्या जूनमध्ये ते जिल्ह्याजिल्ह्यांत, समोरासमोर, दहा दिवसांचे झाले. गट पाडले ते प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि अध्यापक विद्यालय असे. यात हायस्कुलातला चित्रकला शिक्षक कुठे बसला? माध्यमिक गटात, गणित-इंग्रजी-विज्ञानाच्या शिक्षकांच्या बाकावर. त्याच्या विषयाला वेगळा गटच नाही. शासनाच्या हिशेबी तो 'माध्यमिक शिक्षक' आहे, त्याच्या हातातली पेन्सिल हा त्याचा खाजगी मामला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी पन्नास तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असे म्हटले आहे. तास ठरले, ते तास कलाशिक्षकासाठी कशाने भरायचे हे मात्र ठरलेले नाही.

याचे खापर शिक्षकांच्या माथी फोडणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. पगाराच्या श्रेणीसाठी माणूस प्रशिक्षणाला जातो यात लाजिरवाणे काही नाही. जूनच्या उकाड्यात पत्र्याखाली दहा दिवस बसणाऱ्याला ज्ञानाची तहान लागलेली असावी ही अपेक्षा खुर्चीत बसून करता येते. शिवाय शाळेत त्याचे स्थान काय ते पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावेत, असे आहे. म्हणजे कायद्याच्याच लेखी कला हे अर्धवेळेचे काम. प्रत्यक्षात या मास्तराने फळ्यावर सुविचार लिहायचा, प्रमुख पाहुण्यांच्या नावाची पाटी रंगवायची, निवडणूक आली की मतदान जागृतीची घोषवाक्ये भिंतीवर काढायची आणि दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला की स्वतःचा तास गणिताला देऊन टाकायचा. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. त्या उतरंडीची एक लहानशी नक्कल शिक्षकांच्या खोलीतही उभी असते, आणि तेथे चित्रकलेच्या मडक्याची जागा खालून पहिली-दुसरी असते.

अलीकडच्या प्रशिक्षणांतून, विशेषतः २०१९ साली सुरू झालेल्या 'निष्ठा' कार्यक्रमातून, 'कला समेकित अध्ययन' असे एक बोजड नाव शिक्षकांच्या कानी पडले. कलेच्या साहाय्याने इतर विषय शिकवावेत, असा त्याचा साधा अर्थ. कल्पना वाईट नाही. पण यात कला ही विज्ञानाची आणि भूगोलाची पाणक्या होते, हेही सांगितले पाहिजे. पचनसंस्थेचे रंगीत चित्र काढले म्हणजे मूल चित्र काढायला शिकले असे होत नाही. आणि ज्या मुलाचा स्वतःच्या घराकडे पाहण्याचा हक्कच हिरावला गेला आहे, त्याला या समेकनातून काय मिळणार?

येथे थोडे मागे जावे लागेल. चित्रकला हा शालेय विषय आपल्याकडे कलेच्या प्रेमापोटी आलेला नाही. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंग १८६५ पासून तेथे शिकवीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साम्राज्यभर जी पद्धत पसरली ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची : आधी सरळ रेषा, मग वक्ररेषा, मग भूमितीचे आकार, मग प्लॅस्टरचे नमुने पाहून हुबेहूब उतरवणे. कारागिराचा हात आज्ञाधारक व्हावा हा तिचा उद्देश होता. त्याच काळात १८७२ ते १८८५ या वर्षांत जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेत होता. बुद्धाच्या लेण्यांचा शालेय चित्रकलेशी संबंध आला तो असा, नकलेचा विषय म्हणून. आजही अजिंठा वर्गात येतो तो बहुधा नक्षीच्या पट्टीतून. ती भिंत कुणाच्या धम्माची होती, हे त्या पट्टीतून कळत नाही.

आता याच काळातले दुसरे साक्षीपुराण. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण असल्याचे दाखवून दिले, आणि शक्यतो शेतकरी वर्गातून प्रशिक्षित शिक्षक तयार करावेत, नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा शिक्षक हवा, अशी मागणी केली. शिक्षक प्रशिक्षणाबद्दल आपल्याकडे मांडला गेलेला हा सर्वांत मूलगामी विचार आहे असे माझे मत आहे. एकीकडे सरकार कारागिराच्या मुलाचा हात कवायतीला लावीत होते; दुसरीकडे फुले मास्तराचा हात कामाला लागावा असे म्हणत होते. प्रशिक्षणाच्या पुस्तिकांनी यातली पहिली बाजू उचलली. दुसरीची आठवण आजही जयंतीच्या भाषणापुरती आहे.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाले. आज हे संचालनालय घेत असलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा म्हणजे हायस्कुलातल्या चित्रकलेचा कणा आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन : विषयांची ही यादी वाचली तरी साउथ केन्सिंग्टनची धूळ नाकात जाते. पण आपण येथे स्मरणचित्रापाशी थांबू, कारण खरी मेख तेथे आहे.

स्मरणचित्र म्हणजे पाहिलेले आठवून काढणे. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या भिंतीवर लावलेली मुलांची चित्रे पाहा. दोन टोकदार डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून वाहत येणारी निळी नदी, काठावर नारळाचे झाड, उतरत्या लाल छपराचे घर, आकाशात इंग्रजी व्ही अक्षराचे पक्षी. हे कुणी पाहिले आहे? पाटोद्याच्या पोराने? बालाघाटचे डोंगर टोकदार नाहीत, ते माथ्यावर सपाट आहेत. करवतीने कापल्यासारखी त्यांची रांग क्षितिजावर आडवी पडलेली असते. बिंदुसरेचे पात्र उन्हाळ्यात निळे नसते, ते दगडगोट्यांचे असते. नारळाचे झाड येथे ओळखीचे नाही. बाभूळ आहे, लिंब आहे, बांधावरची बोर आहे. मराठवाड्यातली जुनी घरे धाब्याची, माळवदाची, सपाट माथ्याची; नव्या वस्त्या पत्र्याच्या. उतरते लाल कौल हे कोकणाचे घर आहे. मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा स्मरणातले गाव बीडच्या मुलाच्या हाताने काढले जाते आणि त्याला 'स्मरणचित्र' म्हणतात! ज्याचे स्मरण त्याचे नाही, त्याचे चित्र तरी त्याचे कसे असेल?

आणि हे झाले घर असलेल्या मुलाचे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला येथून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. माणसाची मोजणी हत्यारावर करणारी ही भाषा कुठल्याही साहित्यिकाने बनवलेली नाही. त्यांच्याबरोबर जाणारे मूल सहा महिने कोपीत राहते. बांबूच्या चटया, वरून पाचट, आत वाकून शिरायचे, पुढ्यात तीन दगडांची चूल, बाहेर बैल आणि रात्री-बेरात्री भरायला निघणारी गाडी. त्या मुलाला आकाराचे ज्ञान नाही असे कोण म्हणेल? मोळीचा घेर किती, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढताना आईची मान कुठल्या कोनात असते, पहाटेच्या धुक्यात कारखान्याच्या चिमणीचा धूर कसा आडवा पसरतो, हे त्याच्या डोळ्यांत आहे. पण तो शाळेत परत येतो आणि दोन डोंगर काढतो. कोपी काढली तर गुण जातील, एवढेच त्याचे भय नसते. कोपी ही चित्रात घेण्याजोगी वस्तूच नाही, हे त्याला कुणी न सांगता कळलेले असते. आत्मकथनांनी शब्दांच्या प्रांतात जे बांध फोडले, ते रेषेच्या प्रांतात अजून शाबूत आहेत.

रंगाचेही तसेच. मुलांच्या रंगपेटीत 'स्किन' नावाची फिकट गुलाबी कांडी कितीतरी वर्षे येत राहिली. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या 'फ्लेश' नावाच्या कांडीचे नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केले. नागरी हक्कांच्या लढ्याचा तो काळ होता. आपल्याकडे सावळ्या मुलीने सावळ्या आईचे चित्र काढून त्यावर गुलाबी कांडी फिरवावी यात कुणालाही काही वावगे वाटत नाही. एका कांडीची ती काय गोष्ट, असे म्हणणाऱ्यांनी ती कांडी हातात धरलेल्या मुलीच्या मनगटाकडे एकदा पाहावे.

यावर सुधारक मंडळींचे एक उत्तर तयार असते : स्थानिक कला आणा, लोककला आणा. प्रशिक्षणातला लोककलेचा तास म्हटला की हटकून वारली येते. गेरूची पार्श्वभूमी, पांढरे त्रिकोण, तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्या कलेचा मान वाढला, हे चांगलेच झाले. पण लग्नाच्या वेळी सवाशिणींनी भिंतीवर लिहायचा चौक, त्यातली पालघट देवी, तो लिहिण्यामागचा जमातीचा विश्वास, हे सगळे गाळून उरलेला त्रिकोण-माणूस फुलदाणीवर आणि शुभेच्छापत्रावर चिकटवला जातो. डहाणू-जव्हारची ही कला बीडला स्थानिक कशी, हाही प्रश्न आहेच. आदिवासींची कला सजावटीला चालते, कारण तिच्यातून कुठलाही हिशेब मागितला जात नाही असा पाहणाऱ्याचा समज असतो.

मग बीडची स्थानिक कला कोणती? येथे आपल्यालाही सावध राहिले पाहिजे, कारण प्रश्न दोन्ही बाजूंनी कापतो. केकताडाच्या वाखाचे दोर वळणे, शिंदीचे फडे बांधणे, बुरुडाची सुपे, कैकाड्याची डाली, हलगीवर चामडे ताणणे : या सगळ्यांत हाताचे, वजनाचे, ताणाचे असे ज्ञान आहे की कलामहाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला ते शिकवायला हवे. पण हे प्रत्येक ज्ञान जातीला बांधलेले आहे. मांगवाड्यातल्या पोराला वर्गात उभे करून "तुझ्या घरी फडे करतात ना, दाखव बरे" असे म्हणणारा मास्तर सद्भावनेने बोलत असेल. पोराच्या कानात मात्र गावाची हाक ऐकू येते. बाबासाहेबांनी गलिच्छ कामे टाका, गाव सोडा असे सांगितले ते याच हाकेपासून सुटण्यासाठी. हस्तकलेच्या नावाने जात परत वर्गात आणण्याचा धोका काल्पनिक नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधर्माचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. वर्ध्याच्या नयी तालीमचा इतिहास यापेक्षा वेगळा आणि अधिक गंभीर आहे. सेवाग्रामला १९४४ ते १९६२ या काळात देवीप्रसाद यांनी मुलांच्या चित्रांवर केलेले काम आजही अभ्यासण्याजोगे आहे. तरीही हस्तोद्योगातून शिक्षण म्हणताना कुणाचा हात आणि कुणाचा उद्योग, हा प्रश्न तेथेही पुरेसा विचारला गेला नाही.

कलाशिक्षकाच्या प्रशिक्षणाचा गाभा येथे असायला हवा. दोर सगळ्या वर्गाने वळायचा की एकट्याने? वळताना त्याला 'पारंपरिक व्यवसाय' म्हणायचे की ताण आणि पीळ यांचा अभ्यास म्हणायचे? ज्याच्या घरात हे काम होते त्याला बोलायचे आहे की नाही, हे मास्तराने कसे ओळखायचे? पाटलाच्या पोराने फडा बांधायला नकार दिला तर काय करायचे? या प्रश्नांना तयार उत्तरे नाहीत. म्हणूनच दहा दिवस शिक्षकांनी एकत्र बसून त्यांच्याशी झुंजणे उपयोगाचे ठरेल. त्यांच्यापुढे ठेवले जाते ते मात्र सादरीकरणाचे पडदे आणि हजेरीपत्रक.

आणखी एक परंपरा आहे, जातीच्या धंद्यातून न आलेली, चळवळीतून आलेली. वस्तीतला पेंटर. भीमजयंतीला कमान रंगवणारा, विहाराच्या भिंतीवर महाडचे चवदार तळे आणि दीक्षाभूमी काढणारा, बाबासाहेबांचा निळा कोट आणि चष्म्याच्या काचेवरची चमक एका फटकाऱ्यात साधणारा. पँथरच्या काळात भिंतीवरच्या घोषणा रंगवणारे हात याच जातकुळीचे होते. त्यांनी रेखाकला परीक्षा दिली होती की नाही हे कुणी विचारले नाही, आणि त्यांना कलावंतही कुणी म्हटले नाही. फ्लेक्स आला आणि बघता बघता त्यांच्या हातातला ब्रश गेला. या माणसांना प्रशिक्षणाला साधनव्यक्ती म्हणून बोलावले तर अक्षरलेखनाच्या तासाला काय बहार येईल! चित्रकारांच्या दालनातही आपली माणसे आहेत. नागपुरात १९६१ साली जन्मलेले सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि पाठीशी झाडू असलेला अस्पृश्य कॅनव्हासवर आणि छापचित्रांत उभा केला. मुंबईचे विक्रांत भिसे चळवळीचा इतिहास रंगवत आहेत. रविवर्म्यापासून सुरू होणाऱ्या आपल्या मास्तरांच्या कलेतिहासात ही नावे किती जणांनी ऐकली असतील? त्यांची छापील चित्रे एक दिवस भिंतीवर लावून त्यांच्यापुढे शिक्षकांना नुसते बसवले, तरी बोलणे सुरू होईल. कदाचित भांडणही होईल, आणि तेही हवेच आहे.

दहावीच्या गुणांची बाब थोडक्यात सांगतो. इंटरमीजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३ असे वाढीव गुण मिळतात. त्यासाठी रंग, कागद, बोर्ड, कंपास आणि सरावाचे तास लागतात. शहरातल्या खाजगी वर्गांना याचा बरोबर उपयोग कळला आहे. कोपीतून परतलेल्या मुलाला जूनपासून परीक्षेपर्यंतचे जेमतेम तीन-चार महिने मिळतात, आणि परीक्षा संपते न संपते तोच मुकादमाची गाडी दारात असते. कलेसाठी ठेवलेले गुण हे असे पैशाच्या आणि स्थैर्याच्या बाजूला झुकतात. कलाशिक्षकांच्या संघटनांनी पदांच्या मागणीबरोबर हा मुद्दाही हाती घ्यायला हरकत नसावी.

शेवटी वेळापत्रकाबद्दल. गाळप संपून ऊसतोड कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. शाळा भरतात जूनच्या मध्याला. म्हणजे उन्हाळी प्रशिक्षणाचे दिवस हेच नेमके ते दिवस असतात, जेव्हा ही मुले, त्यांचे आईबाप आणि त्यांचे रिकामे कोयते गावात असतात. बीड जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था अंबाजोगाईला आहे. तेथून केजच्या, धारूरच्या, वडवणीच्या वस्त्या आणि तांडे बसने गाठता येतात. दहा दिवसांतले दोन दिवस कलाशिक्षकांनी सभागृह सोडून तेथे काढावेत. बरोबर कागद आणि कोळसा एवढेच घ्यावे, कुणालाही काही शिकवू नये. पोरांना फडावरची आठवण काढायला सांगावी आणि मास्तरांनी शेजारी बसून स्वतःही काढावे; दोन डोंगर काढायचे नाहीत एवढीच अट. ती चित्रे मग अंबाजोगाईच्या सभागृहात लावावीत, परीक्षकांनाही बोलवावे, आणि यातल्या कुठल्या चित्राला कोणती श्रेणी द्याल असे त्यांना सर्वांसमक्ष विचारावे.